वैशाखात पाझरणारं चित्र

वैशाख लागला की आमच्या हॉलमधलं एक चित्र घामेजतं. पंख्याखाली बसून आम्ही माणसं घामेजतो, अगदी तसंच. आधी टेबलाखालच्या सावलीत एक तुळतुळीत ओल दिसू लागते, मग ती हळूहळू खिडकीशी बसलेल्या बाईच्या झग्यापर्यंत चढते. नवखा पाहुणा जवळ जाऊन बोट लावायला बघतो आणि मी बसल्या जागेवरून ओरडते, "हात लावू नका, ओलं आहे!" पाहुणा कोपऱ्यातली सही आणि तिच्याखालचं साल वाचतो, मनातल्या मनात वजाबाकी करतो आणि माझ्याकडे पाहून समजूतदारपणे हसतो. म्हातारीचं डोकं फिरलंय असं त्याला वाटतं. वाटू दे.

माझ्या मुलाचं म्हणणं, हे चित्र एकदा कोणा जाणकाराला दाखवायला हवं. "आई, धूळ चिकटून चिकटून वाट लागलीय त्याची." मी म्हटलं, "माझीही लागलीय. मलाही दाखवणार का कोणाला?" तरी यंदा तो जुनी चित्रं दुरुस्त करणाऱ्या एका माणसाला घरी घेऊन आलाच. त्या माणसाचं काय झालं ते सांगते, पण आधी तो जुना वैशाख सांगायला हवा. त्याशिवाय माझा हट्ट कोणाला कळायचा नाही, आणि कळला नाही तरी मी तो सोडणार नाही, हेही सांगून ठेवते.

मॅट्रिकची परीक्षा संपली होती आणि निकाल लागायचा होता. आमचं बिऱ्हाड तेव्हा बोरिवलीला, स्टेशनपासून लांब, एका बैठ्या चाळीत. दोन खोल्या, पुढे पडवी, मागे अंगण. अंगणापलीकडे ताडाची झाडं आणि कापणी झालेली उघडी शेतं. आज त्या चाळीच्या जागी सात मजली इमारत उभी आहे आणि मी तिच्या पाचव्या मजल्यावर राहते. म्हणजे आयुष्यात मी फारशी कुठे गेले नाही, फक्त सरळ वर चढले.

अंधेरीला एका बंगल्याच्या मागच्या खोलीत एक मास्तर चित्रकला शिकवायचे. शनिवारी मुलींचा वर्ग. पाण्याच्या रंगात फुलं, पानं, फार तर एखादा पोपट. पुढे रुमालाच्या कोपऱ्यावर भरता येतील अशी चित्रं. मंगळवारी मुलग्यांचा वर्ग आणि त्यांना तेलरंग. शनिवारी आम्ही खोलीत शिरायचो तेव्हा मंगळवारचा वास अजून भिंतींना असायचा. टर्पेंटाइनचा, जवसाच्या तेलाचा, धुऊन न धुतल्यासारख्या कुंचल्यांचा. वर्षभर मी त्या वासात बसून जास्वंदी रंगवल्या. शेवटी एकदा विचारलंच, "मास्तर, मी मंगळवारी येऊ?"

"तेलरंग घाणेरडं काम आहे गं," मास्तर म्हणाले. "हात खराब होतात, कपडे खराब होतात. आणि लग्न झाल्यावर कुठे करणार आहेस हे सगळं?"

"मुलगे कुठे करतात, लग्न झाल्यावर?"

त्यांना ते आवडलं नाही. बराच वेळ चष्मा पुसत बसले. मग कपाटातून एक पुठ्ठा काढला. त्यावर कुठल्याशा परदेशी मासिकातलं रंगीत चित्र कापून चिकटवलेलं होतं. एक खोली. डाव्या हाताला खिडकी, तिला पातळ पडदा. पांढरं कापड घातलेलं टेबल, वर एक कप. खिडकीशी जांभळट झग्यातली एक बाई, हात मांडीवर, नजर कुठेच नाही. मागे उघडं दार आणि त्यातून दिसणारी दुसरी खोली. बस, एवढंच. मास्तर म्हणाले, फ्रान्समध्ये मागच्या शतकात काही चित्रकार उजेडाच्या मागे लागले होते. लोकांनी त्यांची यथेच्छ टर उडवली, चित्रं अर्धवट सोडलीत म्हणून हिणवलं, आणि ते आपले तशीच चित्रं काढत राहिले. एवढं ऐकूनच मला ते आमच्या चाळीतले वाटायला लागले.

"याची नक्कल करून आण," मास्तर म्हणाले. "जूनच्या पहिल्या मंगळवारी. पूर्ण करून आणि वाळवून. ओलं चित्र घेऊन आलीस तर दारातूनच परत जायचं. आणि ऐक, यात काळा रंग कुठेही नाही. तू वापरलास तर मला कळेल."

जवसाच्या तेलाची एक छोटी बाटली त्यांनी मला दिली. देताना त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मला नीट वाचता आलं. ही काही पुन्हा यायची नाही, असं त्यावर लिहिलेलं होतं.

पाडव्याला वडिलांनी दरवर्षीप्रमाणे विचारलं, कोणतं कापड आणू? मी म्हटलं, कापड नको, रंग आणा, नळीतले. वडील एका कचेरीत कारकून, अबोल माणूस. त्यांनी मान हलवली आणि आणले. त्या पाडव्याला मी जुन्याच परकरात होते आणि चाळीतल्या सगळ्या मुलींपेक्षा माझा तोरा जास्त होता. जुन्या फळीची चौकट करून तिच्यावर मांजरपाट ताणला, सरस लावला, वर सफेदा दिला. आता फक्त उजेड हवा होता. आणि उजेडावरून त्या वैशाखात आमच्या घरी भांडण होतं.

कारण वैशाख आत्याचा असे. माझी आत्या मुलुंडला राहायची, नवरा लवकर गेलेला, मूलबाळ नाही. दर उन्हाळ्यात ती वाळवणं घालायला आमच्याकडे यायची, कारण आमचं अंगण मोठं. ती आली की अंगणातलं सगळं ऊन तिच्या नावावर होई. खाटांवर उडदाचे पापड, सुपांत कुरडया, चटईवर मिरच्या, आणि एका मोठ्या परातीत सोलं, म्हणजे आमसुलं. रातांब्यांची फोडलेली सालं स्वतःच्याच रसात भिजवायची, वाळवायची, पुन्हा भिजवायची. हे सगळं कावळ्यांपासून राखायचं काम माझं. मोडकी काळी छत्री काठीला बांधून अंगणात रोवलेली असायची आणि तिच्या शेजारी मी. मग मी चौकटही तिथेच मांडली. दारच्या खांबाला पुठ्ठा टेकवला आणि कापडावर चौकोन आखले.

मास्तरांचा शब्द मला पहिल्या दिवशी खोटाच वाटला. काळ्याशिवाय सावली कशी होईल? आमच्या स्वयंपाकघराच्या भिंती चुलीच्या धुराने काळ्या, कौलं काळी, कढईचं बूड काळं. काळा रंग म्हणजे काय हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण पुठ्ठ्यावरच्या बाईच्या झग्यात काहीतरी जांभळं, काहीतरी हिरवट, काहीतरी वांग्याच्या सालीसारखं होतं, आणि ते लांबून बघितलं की सावली होत होतं. मी रंग कालवायची आणि ते चिखल व्हायचे. एके दिवशी वैतागून मान वळवली तर समोर परातीत अर्धवट वाळलेली सोलं. कडेला लाल, पोटात जांभळी, आणि जिथे एकावर एक पडली होती तिथे काळी वाटतील इतकी गडद. पण काळी नव्हेत. मी उठून जवळ गेले, वाकून बघितलं. नव्हेतच. मग खाटेखालची सावली बघितली. ती निळी होती. चुलीमागची भिंत बघितली, तर तिच्यात तपकिरी होता, तांबूस होता, आणि खिडकीजवळ चक्क हिरवा होता. सोळा वर्षं त्या घरात राहून मी ते घर बघितलंच नव्हतं. येणारी जाणारी माणसं म्हणायची, तुमच्याकडे अंधारच फार. त्या दुपारपासून मी ते कोणाला म्हणू दिलं नाही.

तेवढ्यात आत्या तिच्या मालवणीत कडाडली. "कावळे पापड व्हरतत, आणि ह्या चेडू रंग ढवळीत बसलाहा! गो शालू, तुका पापड राखूक बसवलंय काय चित्रां काढूक?"

अर्धी खाट रिकामी झाली होती. छत्रीच्या टोकावर एक कावळा माझ्याकडे बघत पापड मोडत होता. आत्या रागाने पुढे आली ती चित्रासमोरच थांबली. कमरेवर हात ठेवून तिने त्या बाईला नखशिखान्त बघून घेतलं.

"आणि ही कोण बाय? भर दुपारची नुसती बसली आसा. काम नाय तिका?"

मी म्हटलं, "नाही."

"घरात दुसरा कोण नाय?"

"माहीत नाही गं आत्या. चित्रात एवढंच आहे."

"मगे कपडे वाळत घालताना दाखव. भाजी निवडताना दाखव. नुसत्या बसलेल्या बायचा कोण चित्र काढता?"

आई तेव्हा उंबऱ्यापाशी पापडाचं पीठ कुटत होती. मुसळीवर तेलाचा हात फिरवायचा, कुटायचं, पुन्हा तेलाचा हात. तिने मान वर केली नाही. कुटता कुटताच म्हणाली, "असू दे हो वन्सं. कोणीतरी बसलेलं असू दे ह्या घरात."

मुसळी पुन्हा सुरू झाली. आत्या उरलेले पापड आवरायला वळली. पण मी त्या दिवशी आईकडे बघितलं, सोलांकडे बघितलं होतं तसं. माझ्या आठवणीत आई बसलेली नव्हतीच. बसली तरी हातात विळी, नाहीतर सूप, नाहीतर कोणाचं तरी डोकं. हात मांडीवर ठेवून बसलेली आई कशी दिसेल, हे मला आठवून सांगता येईना.

लोक म्हणतात नक्कल करून काय शिकता येतं? मला या प्रश्नाचा जन्मभर राग आहे. आई पापड लाटायला कुठे शिकली? तिच्या आईच्या हाताकडे बघून. जगातल्या सगळ्या बायका नकलेवरच शिकल्या, तेव्हा कोणी नाक मुरडलं नाही. मी एका बाईच्या मानेची रेघ आठ वेळा पुसून काढली तर मात्र ती उसनवारी! दुसऱ्याच्या चित्रात रोज दुपारी जाऊन बसलं की कळतं, त्याने काय काढलं नाही. त्या बाईला डोळ्यांच्या जागी नुसते दोन फटकारे होते आणि तरी ती बघत होती. कपाला कान नव्हता आणि तरी तो कपच होता. अर्धवट सोडायला किती माहीत असावं लागतं, हे मी त्या अंगणात शिकले.

जवसाचं तेल अर्ध्या वाटेतच संपलं. मला ते बेताने वापरायचं असतं हेच ठाऊक नव्हतं. मास्तरांचा वर्ग सुटीसाठी बंद, मास्तर गावाला गेलेले. कोपऱ्यावरच्या वाण्याला विचारलं तर तो म्हणाला, "जवस? गुरांना घालायचंय काय?" मी हात हलवत परत आले आणि चौकटीपुढे बसून राहिले. रंग घट्ट झाले होते, कुंचला अडकत होता. आईने विचारलं काय झालं. सांगितलं. तिने पिठाशेजारची तेलाची वाटी उचलली आणि माझ्यापुढे ठेवली. घाण्याचं गोडं तेल, शेंगदाण्याचं.

"हे घे. पापडाला हेच लावतो आपण. पापड वाळतो ना खडखडीत? मग तुझी बाई का नाही वाळणार?"

आजही मला त्या युक्तिवादात खोट सापडत नाही. मी ते तेल घेतलं. कुंचला लोण्यातून फिरावा तसा फिरायला लागला. टेबलाखालची सावली, टेबलावरचं पांढरं कापड, झग्याच्या घड्या, मागच्या खोलीतला अंधुक उजेड, सगळं मी त्या वाटीतल्या तेलात रंगवलं. इतकं झकास तोवर काही जमलंच नव्हतं मला.

मग वाळवण सुरू झालं. पापड वाळले, डब्यात गेले. कुरडया वाळल्या. मिरच्या वाळल्या आणि सगळ्या चाळीला शिंका आल्या. सोलं काळीभोर होऊन बरणीत बसली. विहिरीचं पाणी तळाला गेलं, ताडांच्या झावळ्या करकरायला लागल्या. त्या वैशाखात बोरिवलीत जे जे ओलं होतं ते सगळं वाळलं, माझी बाई सोडून. मी रोज सकाळी तिला खाटेवर उन्हात मांडायची. दुपारी आई येता जाता तिचं तोंड उन्हाकडे फिरवायची, पापड उलटवते तसं. आत्या मुलुंडला परत जाताना म्हणाली, "तुझी बाय काय सुकना नाय गो. आळशी ती आळशीच." पण जाण्याआधी स्वतःच्या हाताने तिने चौकटीवर एक जुनं पातळ पांघरलं, धूळ बसू नये म्हणून.

अंधेरीला जायच्या सकाळी मी ते पातळ काढलं आणि बघतच राहिले. टेबलावरच्या पांढऱ्या कापडाच्या मधोमध, कपाशेजारी, एक ठसा उमटला होता. गोल, स्वच्छ, रेषान् रेषा दिसणारा.

आई मागे उभी होती. "मीच बघितलं गं," ती म्हणाली. "वाटलं, झालं असेल." पापड वाळला की नाही हे ती असंच बघायची, कडेला अंगठा दाबून. मग तिने तो अंगठा पदरात लपवला. ती लपवण्याची तऱ्हा माझ्या ओळखीची होती. आईला लिहिता येत नव्हतं. रेशनच्या दुकानात ती अंगठा उठवायची आणि बाहेर आल्यावर शाई जाईपर्यंत हात पदराखाली ठेवायची. चाळीतल्या शिकलेल्या बायका समोरून आल्या तर रस्ता बदलायची.

"पुसून टाक ना," ती म्हणाली. "पांढरा रंग आहे ना अजून?"

पांढरा रंग होता. कुंचलाही हाताशी होता.

मी म्हटलं, "राहू दे." आणि चित्र कडांनी धरून, भरलं ताट न्यावं तसं आडवं धरून, निघाले.

मास्तरांच्या खोलीत सगळे मुलगे आधीच बसले होते. मास्तरांनी चित्र उजेडात धरलं, बोट लावलं, बोट जांभळं झालं. त्यांनी ते नाकाशी नेलं. "गोडं तेल!" ते म्हणाले आणि खोली हसायला लागली. एक जण ओरडला, "अरे, भजी सोडा रे यात!"

"शालू, काय ठरलं होतं?" मास्तर म्हणाले. "वाळवून आणायचं."

"वाळवलं मास्तर. अख्खा वैशाख वाळवलं. ऊन कमी पडलं नाही आणि मीही कमी पडले नाही. तेल चुकलं. पुढच्या वेळी तेल बदलेन. पण मला डोळे बदलावे लागतील असं काही यात दिसतंय का, ते सांगा. तसं असेल तर आत्ता जाते."

हे मी कसं बोलले कोणास ठाऊक. मास्तर चित्राकडे बघत राहिले. बाईचा हात चुकलाय म्हणाले, आणि तो चुकलाच होता. टेबल कललंय म्हणाले, तेही खरं. मग सावलीपाशी आले आणि त्यांनी पुठ्ठा मागितला. पुठ्ठा आणि चित्र, चित्र आणि पुठ्ठा, असं बराच वेळ चाललं. सावलीबद्दल ते काहीच म्हणाले नाहीत. मुलग्यांचं हसणं तोवर आपोआप थांबलं होतं.

"आणि हा डाग कसला?"

"आईचा अंगठा आहे."

"तो पुसायचा आणि शनिवारी यायचं. शनिवारी बघू काय करता येतं."

"पुसणार नाही," मी म्हटलं. "आणि शनिवारी फुलं-पानं असतात. मी मंगळवारी येईन."

पुढच्या मंगळवारी मी गेले. मास्तरांनी ये म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. मला स्टूल नव्हतं. मी उभ्याने रंगवलं. त्याच्या पुढच्या मंगळवारीही उभ्याने. कधीतरी कोणीतरी एक स्टूल सरकवलं, तोपर्यंत मला उभ्याने रंगवायची सवय झाली होती आणि ती अजून आहे. पुढे मी शाळेत चित्रकला शिकवली, दोन मुलं वाढवली, आणि हातात येईल त्या वेळात तेलरंगच रंगवले. माझी चित्रं काही कुठल्या मोठ्या भिंतींवर लागली नाहीत. नसू देत. माझ्या भिंतींवर लागली.

तर यंदाच्या वैशाखात तो जाणकार आला. हुशार होता, नम्र होता, बॅगेत भिंगं होती. त्याने चित्राच्या फार जवळ नाक नेलं आणि म्हणाला, "आजी, यात खाण्याचं तेल आहे. हे कधीच वाळणार नाही. सावलीचा भाग खरवडून पुन्हा करावा लागेल, मग टिकेल."

"इतकी वर्षं टिकलंय की."

तो हसला. मग भिंग टेबलावरच्या कापडाशी नेलं. "इथे कोणीतरी बोट लावलंय बघा. रंग मऊ राहिल्यामुळे इतका स्पष्ट राहिलाय. हे आधी भरून घेऊ."

मी उठले आणि त्याच्या हातातलं भिंग मागून घेतलं. इतक्या वर्षांत मी तो ठसा भिंगातून कधी बघितला नव्हता. रेषा होत्या, गोल गोल फिरत गेलेल्या, आणि मधून आडवी गेलेली एक बारीक चीर, विळीने कापल्याची. ती चीर मी विसरले होते.

"कोपऱ्यात सही कोणाची आहे?" तो विचारत होता. "अक्षर नीट लागत नाही."

"ती माझी," मी म्हटलं. "आणि ही आईची. दोन्ही राहू द्या."

त्याने माझ्या मुलाकडे बघितलं. मुलाने खांदे उडवले. तो मला ओळखतो. मग मी त्या जाणकाराला पन्हं दिलं, पापड भाजून दिला आणि दारापर्यंत पोचवून आले. परत आले तेव्हा दुपार पुरती तापली होती. बाईच्या झग्यावर ओल चढली होती आणि ती आपली बसलेली होती.